आजोबांचे मत आणि नातवाचा हक्क
(नांदगाव पेठ येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



माणसाचे आयुष्य वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभरांत जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती. हे प्रमाण वाढत जाणार. लोकशाहीत तर डोकी मोजली जातात. मग उद्या शासनाची तिजोरी वृद्धांकडेच वळेल आणि शिकणाऱ्या पोरांच्या वाट्याला काही उरणार नाही, अशी भीती काही विद्वान बोलून दाखवितात.

आपल्या गावापुरते पाहू. शिकलेला मुलगा पोटासाठी पुण्याला जातो, नाव मात्र इथल्याच मतदार यादीत राहते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय झाली. ती योग्यच होती. पण पुण्याच्या कारखान्यातील नातवाला मतासाठी पदरचे भाडे खर्चून गावी यावे लागते. मतदानाचे वय १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आले. ग्रामसभेत मात्र अठराचा मुलगा क्वचितच दिसतो. जो हजर नाही, त्याच्या वतीने बोलणार कोण?

म्हातारा तरी कुठे सुखी आहे? श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,००० रुपये होते, ते २०२३ मध्ये १,५०० झाले. बँकेच्या खिडकीआडून आम्ही ही रांग नेहमी पाहतो. त्याच पैशांतून पुष्कळदा नातवाच्या वह्या येतात. मग कोणी कोणाचे लुटले?

परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये काम, शिक्षण आणि वृद्धापकाळी साहाय्य ही तिन्ही एकत्रच सांगितली आहेत. शासनाच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही तिथेच आहे. म्हणूनच एकाचे काढून दुसऱ्याला देण्याचा डाव आपण ओळखला पाहिजे.

तथागतांनी वज्जींच्या गणराज्याबद्दल सांगितले, की ते वारंवार एकत्र जमतात, एकविचाराने कारभार करतात आणि वडीलधाऱ्यांचा मान राखतात, तोवर त्यांची वाढच होईल. मान राखणे म्हणजे तोंड बंद ठेवणे नव्हे. सभेत दोघांनीही बसले पाहिजे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत आजोबांनी अभ्यासिकेचा ठराव मांडावा आणि नातवाने निराधारांच्या थकलेल्या अनुदानाचा. एकमेकांच्या हक्कासाठी हात वर झाले, तर वाढत्या वयाचे भय लोकशाहीला उरणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!