खोळंबलेले संदेश

रांग हा शब्द आपल्याला नवा नाही. रेशनचे दुकान, रेल्वेची तिकीट-खिडकी, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. जेथे मागणारे पुष्कळ आणि देणारा एक, तेथे रांग लागावयाचीच. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती रांग मात्र डोळ्यांना दिसत नाही. आपण घरबसल्या पैसे पाठवितो, शिष्यवृत्तीचा अर्ज धाडतो, तेव्हा त्या कृतीतून एक संदेश निर्माण होतो. पुष्कळ व्यवस्थांत हा संदेश एका संगणकाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. मध्ये एक मध्यस्थ सर्व्हर असतो. तो संदेश स्वीकारतो, रांगेत ठेवतो आणि काम करणारी प्रणाली मोकळी होताच तिच्या हाती देतो. सरकारी कचेरीतील आवक शाखेचे काम याहून फारसे निराळे नाही.

रांगांचा शास्त्रीय विचार दूरध्वनीपासून सुरू झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्या कोणत्या नियमाने येतात याचे गणित मांडले. पुढे एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या एका संगणकीय भाषेला एर्लांग हेच नाव मिळाले, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला ‘रॅबिटएमक्यू’ हा संदेश-मध्यस्थ याच भाषेत लिहिला गेला. त्याचेच उदाहरण आपण घेऊ.

समजा, एके दिवशी रांग वाढू लागली. व्यवस्थापकाने प्रथम काय पाहावे? तीन आकडे. घेण्यास तयार असलेले संदेश किती, सोपविलेले पण पोच न आलेले किती, आणि घेणारे किती. संदेश साचत आहेत आणि घेणारा एकही नाही, तर दोष रांगेचा नव्हे. काम करणारी प्रणालीच बंद पडली आहे. घेणारे हजर आहेत, परंतु पोच न आलेले संदेश वाढत आहेत, तर काम हाती घेऊन ते अडून बसले आहेत; बहुधा डेटाबेसच्या दारात. एकच संदेश पुन्हापुन्हा परत येत असेल, तर तो संदेशच सदोष आहे. टपालखात्यात बेपत्ता पत्रांसाठी जशी स्वतंत्र कचेरी, तशी अशा संदेशांसाठी निराळी रांग ठेवावी. म्हणजे एकापायी इतरांचा खोळंबा होत नाही.

यांपैकी काहीच नसेल, तर प्रश्न साध्या अंकगणिताचा असतो. सेकंदाला १०० संदेश येतात आणि ८० निकालात निघतात, तर तासाभरात ७२,००० संदेश साचतात. आता निकालाचा वेग वाढवून १२० केला, तरी आवक चालूच असल्यामुळे शिल्लक वेग २० चाच राहतो, आणि साचलेले निवारण्यास आणखी एक पूर्ण तास लागतो. वाढ केली तरी रांग हटत नाही, असे म्हणून घाबरून जाणाऱ्याने हे गणित ध्यानी घ्यावे.

याहून फसवे प्रसंगही असतात. मेमरी ठराविक मर्यादेपलीकडे भरली, किंवा डिस्कवरील मोकळी जागा घटली, की हा सर्व्हर संदेश पाठविणाऱ्यांना थांबवून धरतो. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र गोठले. वास्तविक ते स्वतःला वाचवीत असते. अशा वेळी सर्व्हरच्या नोंदी वाचाव्यात. धोक्याची सूचना तेथे लिहिलेली असते. डिस्कची मर्यादा मुळात केवळ ५० मेगाबाइट ठेवलेली आहे. खऱ्या कामाच्या सर्व्हरवर ती वाढविणे अवश्य आहे.

दुसरा प्रसंग असा: सर्व्हर चालू आहे, संदेश वाहत आहेत, परंतु व्यवस्थापकाने आज्ञा दिली की उत्तर येते, संपर्क होत नाही. येथे कारण बहुधा एका छोट्या गुप्त खुणेत असते. आज्ञा देणारे साधन आणि सर्व्हर या दोघांपाशी ती खूण तंतोतंत एकच असावी लागते. तिला ‘कुकी’ म्हणतात. साधन निराळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालविले, किंवा ती फाइल कोणी बदलली, की जिवंत सर्व्हर मेलेला भासतो. संपर्क न होणे आणि सर्व्हर बंद असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे येथे विसरता कामा नये.

कारण न शोधता केलेले दोन उपाय सर्वांत घातक. पहिला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे. रांग टिकाऊ असली तरी ज्या संदेशांवर टिकाऊपणाची खूण नाही ते त्यात नष्ट होतात. आणि ज्यांची पोच आलेली नव्हती ते पुन्हा सोपविले जातात. काम करणाऱ्या प्रणालीने दुबार संदेश ओळखण्याची तजवीज केलेली नसेल, तर एकाच माणसाला दोनदा पैसे जातील. दुसरा उपाय, रांग रिकामी करणे. त्यास एक आज्ञा पुरते. क्षणात आकडा शून्य होतो आणि वरिष्ठांना सादर करण्याजोगा अहवाल तयार होतो.

कचेरीतही प्रलंबित प्रकरणांचा आकडा उतरविण्याचे दोन मार्ग असतात: प्रकरणे निकालात काढणे, किंवा ती प्रलंबितांच्या यादीतून काढणे. अहवालात दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो. परंतु ज्या विद्यार्थ्याचा अर्ज त्या रांगेत होता, त्याला ‘आपला अर्ज मिळाला’ एवढे उत्तर मिळालेले असते, आणि पुढे काही घडत नाही. तो तक्रार कशाची करणार? त्याच्या अर्जाचा मागमूसही उरलेला नसतो. म्हणून रांग रिकामी करण्यापूर्वी तिच्यातील संदेशांची नक्कल अन्यत्र ठेवावी, आणि तो निर्णय एकट्याने, घाईने, रात्री-अपरात्री घेऊ नये. रांगेतला प्रत्येक संदेश हा कोणाच्या तरी वतीने उभा आहे. त्याला त्याची पाळी मिळवून देणे, हेच व्यवस्थापकाचे काम.