गज गेला, नेम राहावा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा सारांश)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव होत असताना, आपल्यापैकी अनेक घरांना सलणाऱ्या एका विषयावर मी बोलणार आहे. मुले वेगळ्या वाटेने जातात आणि घरच्या परंपरा मागे खंडित होतात.

आमच्या कापडाच्या पेढीवर तीन पिढ्या बसल्या. दिवाळीच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू अर्पण करावयाचा, मग पेढीवर वहीपूजन करून पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत लिहावयाचे, चतुर्दशीस दुकान बंद ठेवावयाचे, सूर्यास्तापूर्वी भोजनास घरी पोहोचावयाचे, असा आमचा क्रम होता. माझ्या एकुलत्या एका चिरंजीवाने स्थापत्य अभियंता होऊन पुण्यास नोकरी पत्करली, तेव्हा मी रागाच्या भरात त्यास नको ते बोललो. त्यानंतर चार वर्षे क्षमावाणीची छापील पत्रे मी गावभर धाडली. परंतु ज्याची क्षमा मागावयास हवी होती, त्या मुलास एक ओळही लिहिली नाही.

पाचव्या वर्षी मी स्वतः त्याच्या घरी गेलो. कंत्राटदाराच्या बिलातील मोजमाप तो रात्री पुन्हा तपासत बसला होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "अण्णा, माप पुरे हवे, हे मी पेढीवरच शिकलो ना?" त्या रात्री मी त्याची क्षमा मागितली.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. कमी मापाने देणे व अधिक मापाने घेणे हा त्यांतील एक. माझ्या आजोबांच्या हाती लोखंडी गज होता. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि गजाची जागा मीटरने घेतली. पण पुरे माप देण्याचा नेम सुटला नाही. सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद घरचा व्यवसाय सोडून रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले, पुढे जहाजे व विमाने यांच्या उद्योगात उतरले. स्वतः भगवान महावीरांनी तिसाव्या वर्षी राजगृह सोडले. वेगळी वाट आपणांस नवी नाही.

तरीही काही गमावले आहे, हे मी लपवीत नाही. माझ्या मुलाकडून रात्रिभोजनत्याग पाळला जात नाही. चतुर्दशी त्याच्या ध्यानात राहत नाही. याचे मला दुःख आहे. पण दोष केवळ त्याचा नव्हे. वहीवर तो संवत का लिहितात, इसवी सनपूर्व ५२७ मधील भगवंतांच्या निर्वाणाशी त्याचा संबंध काय, हे मी त्यास कधी सांगितलेच नाही. "आपल्याकडे असेच करतात" एवढेच सांगत राहिलो. कारण न कळलेली रीत दुकानाबरोबरच बंद होते.

म्हणून न्यासास माझी नम्र विनंती आहे. आपल्या पाठशाळेत मुलांसमवेत पालकांनीही बसावे आणि प्रत्येक घराने आपल्या रीती, त्यांच्या कारणांसह, लिहून काढाव्यात. तसेच ज्या पित्याने मुलाशी बोलणे टाकले असेल, त्याने क्षमावाणीचे पहिले पत्र त्यालाच लिहावे, आणि तेही स्वहस्ते.

माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास उत्तम क्षमा! जय जिनेंद्र!