कंसातील नाव

बंगळूरच्या इंदिरानगर वस्तीत शंभर फुटी रस्त्याच्या आजूबाजूला राहणाऱ्या पुष्कळांचा चरितार्थ संगणकाच्या आज्ञावलींवर चालतो. त्या शहरातील पहिली मेट्रो २०११ च्या ऑक्टोबरात धावू लागली ती याच वस्तीवरून. येथील मंडळी दिवसभर पडद्यासमोर बसून यंत्राशी बोलतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. वास्तविक या व्यवसायातील सर्वांत अवघड काम माणसांशी बोलण्याचे आहे. ज्याच्यासाठी प्रणाली उभारायची त्याला नेमके काय हवे हे विचारून घ्यावयाचे, आणि ते अशा रीतीने लिहून काढावयाचे, की दोघांनी वाचले तर त्याचे दोन अर्थ निघू नयेत. फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८७ मध्ये एका गाजलेल्या लेखात हेच प्रतिपादन केले होते. काय बांधायचे ते निश्चित करण्याइतके कठीण दुसरे काही नाही, असे त्याचे म्हणणे.

हे कठीण का, याचे उत्तर आपल्या खेड्यांतील दप्तरात सापडते. समजा, इंदिरानगरातील एखाद्या हुशार अभियंत्यापुढे महाराष्ट्रातील हस्तलिखित सातबारा ठेवला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पिकांची नोंदवही, एवढे त्याला कोणीही सांगेल. मग त्याची दृष्टी एका नावावर जाते. ते नाव कंसात आहे. शाळेपासून त्याने कंसाचा अर्थ ‘अधिक खुलासा’ असा शिकलेला. तलाठ्याच्या लेखी मात्र कंस म्हणजे ते नाव कमी झाले. तो माणूस मरण पावला किंवा त्याने जमीन विकली. उतारा संगणकावर चढविताना हे चिन्ह गळाले, तर विकणारा पुन्हा मालक होऊन बसतो, आणि पैसे मोजून जमीन घेतलेल्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी बँकेच्या दारात खुलासे करीत उभे राहावे लागते.

आणखी एक ठिकाण पाहा. अल्पवयीन वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरे येतात आणि त्यापुढे बहुधा आईचे नाव असते. अज्ञान पालनकर्ता असा त्याचा अर्थ. अभियंत्याने ही दोन नावे म्हणजे दोन खातेदार असे धरले, तर पालक असलेली आई वाटेकरी ठरते. आणि दोन्ही मिळून एकच नाव धरले, तर मुलगा चाळिशीला आला तरी दप्तरात अज्ञानच राहतो. तो सज्ञान केव्हा होईल हे यंत्राला कळावयाचे तर जन्मतारीख हवी, आणि तिच्यासाठी त्या जुन्या रकान्यात जागाच नाही.

‘तुम्ही काम कसे करता?’ असे तलाठ्याला विचारले, तर तो प्रामाणिकपणे सांगेल, की फेरफार नोंदवितो, नोटिसा काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कंसाचा उल्लेख तो करणार नाही. तो काही लपवीत असतो असे नव्हे. जे हाताच्या वळणात मुरले ते सांगण्याजोगे आहे असे कोणालाच वाटत नाही. म्हणून चांगला विचारणारा केवळ प्रश्नावली घेऊन जात नाही. तो शेजारी बसतो, जुनी वही उघडावयास लावतो आणि प्रत्येक खूण कशाची म्हणून विचारतो. असल्या भाबड्या प्रश्नांना कचेरीत हसतात. हसू द्यावे.

मात्र कचेरीला विचारून सारे कळते असेही नाही. कर्नाटकाने ‘भूमी’ या प्रकल्पात सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले आणि २००१ च्या सुमारास तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. त्यातील एक अट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. फेरफाराचा जो अर्ज आधी आला तोच आधी निकालात निघेल, मधला अर्ज पुढे सरकविता येणार नाही. ही अट ग्रामलेखापालाने स्वतः होऊन सुचविली असती असे मानणे कठीण. ज्याचा अर्ज ढिगाच्या तळाशी पडून राहतो, ती गरज त्याची. आता मागणीपत्र लिहिताना खुर्चीवरील माणूस समोर असतो आणि रांगेतील माणूस नसतो. तेव्हा अर्धे अपुरेपण तेथेच शिरते.

लिहून झालेले बरोबर आहे हे तपासावे कसे? इंदिरानगरातील कंपन्यांत पाने फिरवून सह्या घेतात, आणि सही करणाऱ्याने ती वाचलेली असतातच असे नाही. महाराष्ट्राच्या महसूल खात्याने २०१७ मध्ये जुनाच मार्ग धरला. संगणकावर चढलेले सातबारे गावोगावी मोठ्याने वाचून दाखविण्यात आले. त्या मोहिमेला नावच चावडी वाचन. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपल्या बापाचे नाव चुकले हे ऐकून कळते. अशा लेखनचुकांची दुरुस्ती महसूल संहितेच्या कलम १५५ खाली करता येते. पुढे २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

२०२० मध्ये उताऱ्याचा नमुनाही सुधारला. मयत खातेदारांची नावे आणि उतरलेले कर्जाचे बोजे तोवर नुसत्या कंसात छापले जात असत. नव्या नमुन्यात कंस राहिला, पण त्यावरून एक आडवी रेघ मारण्यात आली.