टाकी मोठी की हवा पुरेशी?

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. मागांचा खडखडाट जेथे चालतो तेथे मागांचे सुटे भाग दुरुस्त करणारे, लोखंडी दरवाजे घडविणारे, लाकडी सामान रंगविणारे कारागीरही आलेच. अशा कारागिराचा कारखाना पुष्कळदा घराच्या पडवीतच असतो, आणि त्या पडवीतील महागड्या वस्तूंपैकी एक म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर.

समजा, कपाटे रंगविणाऱ्या एका कारागिराचा जुना कॉम्प्रेसर थकला आहे. मोटार फिरते, पण दाब चढत नाही. लग्नसराई तोंडावर आलेली, हाताशी रक्कम बेताची. तो बाजारात जातो, तेव्हा त्याला प्रथम दाखविली जाते ती टाकी. मोठी टाकी पाहून मन भुलते. वस्तुतः टाकी हवा निर्माण करीत नाही, ती फक्त साठविते.

शहराजवळचा कुंडी भंडारा येथे आठवावा. 1615 च्या सुमारास, मोगल अमलात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयाराने शहराकडे आणण्यात आले. त्या भुयारावर कुंड्या कितीही खोदल्या असत्या, तरी शहराला पाणी मिळावयाचे ते आवकीइतकेच. हवेचेही तसेच आहे.

हिशेब सोपा आहे. 100 लिटरच्या टाकीतील दाब 8 किलोवरून 6 किलोवर उतरला म्हणजे बाहेरच्या मापाने सुमारे 200 लिटर हवा खर्च झाली. रंगाच्या पिचकारीला मिनिटाला 250 लिटर हवा लागत असेल आणि यंत्र 175 लिटरच देत असेल, तर दर मिनिटाला 75 लिटरांची तूट येते. पावणेतीन मिनिटांत शिल्लक संपते, आणि अर्ध्या रंगविलेल्या फळीवर रंगाचे ठिपके उमटू लागतात. टाकी दुप्पट घेतली तर हीच वेळ साडेपाच मिनिटांवर जाईल, एवढेच. म्हणून आधी आपल्या अवजाराला मिनिटाला किती हवा लागते ते पाहावे आणि मग यंत्राकडे वळावे.

यंत्रावरील पाटीचाही अर्थ समजून घ्यावा लागतो. पाटीवर पुष्कळदा पिस्टनने ढकललेल्या हवेचा आकडा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून चतुर्थांशाने, कधी तृतीयांशाने कमी भरते. सामान्यतः एका अश्वशक्तीमागे 3 ते 4 घनफूट हवा मिळते असे धरावे, म्हणजे मिनिटाला 85 ते 113 लिटर. बऱ्हाणपूरच्या वैशाखातील उन्हाने हवा विरळ होते, आणि मागांच्या वस्तीत उडणारे कापसाचे तंतू हवा शोषण्याच्या जाळीत अडकतात. तेव्हा थोडी शक्ती हातची राखूनच घ्यावी, आणि जाळी सहज निघेल व साफ करता येईल असेच यंत्र निवडावे.

खर्च वाचविण्यासाठी जुनी टाकी ठेवून नुसते डोके बदलावे, असा सल्ला अनेकदा मिळतो. येथे मात्र जपावे. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते टाकीच्या तळाशी साचून पत्रा आतून खाते, आणि वरून रंग शाबूत दिसतो. 30 सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या एका टोकावर 8 किलो दाबाने साडेपाच टनांहून अधिक भार पडतो. पत्रा झिजलेला असेल तर ती टाकी पडवीत, मुलाबाळांच्या शेजारी, फुटावयाची. जुनी टाकी वापरायचीच तर जाणत्याकडून तिची तपासणी करून घ्यावी. तीही पाणी भरून व्हावी, हवा भरून नव्हे. कारण पाणी जवळजवळ दबत नाही, आणि टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. गळक्या जागी वेल्डिंगचे ठिगळ लावून घेणे तर सर्वस्वी टाळावे.

दुकानात जाताना मनगटी घड्याळ असले तरी काम भागते. 100 लिटरची रिकामी टाकी 8 किलोपर्यंत भरावयास 800 लिटर हवा लागते. यंत्र सुरू करून वेळ मोजावी. साडेचार मिनिटे लागली तर यंत्र मिनिटाला सुमारे 178 लिटर हवा देते, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो. ही परीक्षा करू न देणाऱ्या दुकानदाराकडून न घेता पुढच्या दुकानाकडे वळावे.