आवाज पुसू नका

(हीरकमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



वर्गात मी मुलांना श्रुतलेखन घालतो. मी सांगतो, ती लिहितात आणि शेवटी चुका मोजल्या जातात. या स्मरणिकेसाठी वृद्धांच्या आठवणी टिपण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मलाच श्रुतलेखनाला बसावे लागले. माझ्याही चुका निघाल्या. त्या आज आपल्यासमोर कबूल करतो.

आवाज साठवून मग लिहून काढण्याची कल्पना जुनी आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग मोजताना पहिला मान तोंडी मजकूर सांगण्याला दिला. आज ते काम खिशातला मोबाइल करतो. डिजिटल मुद्रणात आवाजाच्या लहरीचे माप सेकंदाला हजारो वेळा घेऊन ते आकड्यांत साठवितात. सेकंदाला ८,००० मापे घेतली तर ४,००० कंपनांपलीकडचे काही टिकत नाही, म्हणून साध्या फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होते. १६,००० मापे घेतली की बोलणे पुष्कळ स्वच्छ उतरते. दर मापाला दोन बाइट धरले तर तासाभराच्या बोलण्याला सुमारे ११५ मेगाबाइट जागा पुरते.

आपल्या वसतिगृहाचे जुने कारकून, ज्यांना आपण सारे चाचा म्हणत असू, तेव्हा ८६ वर्षांचे होते. दोन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांचे बोलणे मोबाइलवर घेतले आणि लेखी प्रत यंत्राकडूनच करविली. पहिल्या प्रतीत एक वाक्य आले : ‘पिंजऱ्याच्या बायकोनं बांगड्या दिल्या.’ पिंजऱ्याला बायको कुठली? माझ्या एका विद्यार्थ्याने ‘एका बाईने बांगड्या दिल्या’ असे सुबक वाक्य केले. मलाही ते पटले. छपाईपूर्वी सहज मुद्रण लावून पाहिले, तो चाचा स्पष्ट म्हणत होते : ‘पिंजाऱ्याच्या बायकोनं बुगड्या दिल्या.’

कापूस पिंजून पोट भरणाऱ्या घरातल्या त्या बाईने वसतिगृहाच्या पहिल्या खोलीच्या छपरासाठी कानातल्या बुगड्या उतरवून दिल्या होत्या. देणग्यांच्या वहीत तिची नोंद नाही. चाचांचा आवाज हीच तिची पावती.

यात यंत्राचा दुष्टावा नाही. कानी पडलेल्या ध्वनीशी जुळणारा, अधिक प्रचारातला शब्द ते निवडते. पिंजरा त्याच्या ओळखीचा, पिंजारी अनोळखी. ज्याचे नाव कुणाच्या वहीत नाही, तो यंत्राच्या हातूनही असाच सुटतो. पण त्याला नीटनेटके खोडले ते आम्ही.

दुसऱ्या दुपारचे मुद्रण मी मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून पुसून टाकले होते. त्यात विहीर खणल्याचे साल होते. प्रतीत ‘अडुसष्ट’ आहे, माझ्या कानात ‘सदुसष्ट’ आहे. चाचा आता हयात नाहीत. स्मरणिकेत त्या सालापुढे प्रश्नचिन्ह दिसेल, ते माझ्या चुकीचे आहे.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे. आपल्यातल्या वृद्धांचे बोलणे याच वर्षी मुद्रित करावे. आरंभी तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव उच्चारावे. पंखा बंद ठेवून मोबाइल त्यांच्याजवळ ठेवावा. यंत्राने प्रत जरूर करावी, त्याने पुष्कळ श्रम वाचतात. परंतु एकाने ती मुद्रणाशी शब्दशः ताडून पाहावी, आणि अर्थ न लागणारा शब्द न खोडता त्यापुढे मिनिट व सेकंद लिहावेत. मग प्रत बोलणाऱ्यालाच वाचून दाखवावी. भाषा सुधारायची असेल तर वेगळ्या कागदावर. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

ताडून पाहण्याचे काम माझे विद्यार्थी करतील. श्रुतलेखनाचा याहून चांगला धडा माझ्याजवळ नाही.