साखळीवाचून स्वस्थता



जबलपूरच्या राइट टाऊनमध्ये किंवा नेपिअर टाऊनमध्ये सकाळी फेरी मारणाऱ्यास एखाद्या फाटकाशी साखळीने बांधलेला तरुण कुत्रा दिसतो. तो अंगावर उड्या मारतो म्हणून त्याला बांधलेले असते. आणि दिवसभर बांधलेला असल्यामुळेच, सुटला की तो दुप्पट उड्या मारतो. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाचे कलम 11 या बाबतीत स्पष्ट आहे. नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे, हा मालकाचा अपराध ठरतो. तथापि मोकळा कुत्रा घरात स्वस्थ कसा बसावा, हे सांगणे कायद्याचे काम नव्हे.

कुत्र्याला धावडवून दमवावे, हा सर्वांना सुचणारा उपाय होय. तो अपुरा आहे. रोज अधिकाधिक धावणाऱ्या कुत्र्याचा दम वाढतो, आणि महिन्याभराने त्याला दमविण्यासाठी धन्यालाच पहिलवान व्हावे लागते. साधारणतः सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचा काळ कुत्र्याच्या पौगंडावस्थेचा असतो. या वयात व्यायाम हवाच. परंतु स्वस्थ बसणे ही वेगळी विद्या असून ती वेगळी शिकवावी लागते.

त्यासाठी एक जुनी सतरंजी पुरे. फिरून आल्यावर, कुत्र्याचे पोट अगदी भरलेले नसताना, ती अंथरावी. पोळीचे किंवा उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे हाताशी ठेवावेत. (मनुका, चॉकलेट व कांदा कुत्र्यास अपायकारक आहेत.) मग वर्तमानपत्र घेऊन जवळ बसावे आणि काही बोलू नये. कुत्रा हुंगेल, भुंकेल, पंजा मारील. अखेर कंटाळून आडवा होईल. त्या क्षणी एक तुकडा त्याच्या पुढच्या पायांमध्ये हलकेच ठेवावा. 'शाब्बास' म्हणून ओरडू नये. त्या ओरडण्याने तो पुन्हा उठतो. आज्ञेने बसलेला कुत्रा ताठ असतो, त्याचे डोळे तुकड्यावर असतात. स्वस्थ झालेला कुत्रा कंबर एका बाजूला टाकतो, मान खाली ठेवतो, श्वास संथ करतो. बक्षीस या दुसऱ्या अवस्थेला द्यावयाचे असते.

पहिल्या दिवशी काही सेकंद, मग मिनिटे. मग शेजारून कोणी चालत जावे, दाराची कडी वाजवावी, दूधवाला यावा. कुत्रा उठला तर दोष त्याचा नव्हे, पायरी उंच झाली एवढाच अर्थ घ्यावा आणि एक पायरी खाली यावे. अमेरिकन पशुवैद्य कॅरन ओव्हरऑल यांनी अशाच चढत्या क्रमाचा पंधरा दिवसांचा पाठ आखलेला आहे. हळूहळू सतरंजी हीच खूण बनते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांना 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र पचनक्रियेवरील संशोधनासाठी, हे सहसा कोणी सांगत नाही.

कठीण प्रसंग येतो तो भुंकण्याचा. आजवर भुंकल्यावर लक्ष मिळत आले असेल, तर ते मिळेनासे होताच भुंकणे प्रथम वाढते. नेमक्या याच वेळी घरातील आजी कळवळून पोळी टाकतात, आणि मोठ्याने भुंकल्यास फळ मिळते एवढाच धडा कुत्रा शिकतो. म्हणून सर्व मंडळींनी आधी एकमत करावे.

जबलपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पारा चाळिशीपार गेला की कुत्रा धापा टाकून अंग निववतो. ती धाप उच्छृंखलपणाची नसते. फिरणे सूर्योदयापूर्वी उरकावे आणि सतरंजी ओल्या फरशीशेजारी, पंख्याखाली घालावी.

दिवाळीत फटाक्यांनी थरथरणाऱ्या कुत्र्यास मात्र हा पाठ लागू नाही. ते भय आहे, दांडगाई नव्हे; त्याला जवळ बसू द्यावे आणि भय टिकून राहिल्यास पशुवैद्यास दाखवावे. जबलपुरात 2009 पासून पशुवैद्यक विद्यापीठच आहे, तेव्हा सल्ल्यासाठी दूर जावे लागत नाही.