कात्री हातात घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी मी बोन्सायवर बोलावे असा निरोप चिटणीसबाईंकडून आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. जिच्या हातून पहिलेच झाड मेले तिने इतरांना काय सांगावयाचे? त्यावर त्या म्हणाल्या, "तेच सांगा की!" तेव्हा आज मी मुख्यतः तेच सांगणार आहे. समोरच्या टेबलावर जे झाड ठेवले आहे ते माझे दुसरे झाड. पहिल्याची कुंडी तेवढी शिल्लक आहे.

हे झाड जुनिपरचे. आपल्या शिरड शहापुरात हे नाव ऐकलेले फारच थोडे असतील. परंतु त्याच्या कुळाशी आपली अगदीच ओळख नाही असे नव्हे. वैद्यांकडच्या औषधांत हपुषा म्हणून जी काळसर फळे असतात ती जुनिपरचीच. लडाखात ह्याच कुळातल्या झाडाला शुक्पा म्हणतात आणि त्याचा पाला देवापुढे धूप म्हणून जाळतात. म्हणजे हे झाड मूळचे थंडीवाऱ्याचे, उंच डोंगरांचे. ते आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या उन्हात आणावयाचे, तेही उथळ कुंडीत, म्हणजे पाहुण्याला घरी ठेवून घेण्यासारखेच आहे. त्याचे खाणेपिणे आपल्याला शिकावे लागते.

बोन्साय हा जपानी शब्द आहे. 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावणे. ही कला चीनमधून जपानात गेली. आपल्याकडे तिला वामनवृक्षकला असे छान नाव मिळाले आहे. महाराष्ट्रात ती आता चांगलीच रुजली आहे. २०१८ सालच्या फेब्रुवारीत पुण्यास प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने मोठे प्रदर्शन भरले होते. एकाच ठिकाणी ३,३३३ बोन्साय मांडल्याबद्दल त्याची गिनीज बुकात नोंद झाली. माझी नणंद पुण्यास असते, म्हणून मलाही ते पाहण्याचा योग आला. वड, पिंपळ, उंबर ही आपली झाडे तेथे होतीच. त्यांना हात जोडावेत अशी ती दिसत होती. परंतु माझा पाय अडला तो एका जुनिपरपाशी. खोडाचा अर्धा भाग हाडासारखा पांढरा, वाळलेला, आणि त्याला बिलगून वर जाणारी तांबूस सालीची एक जिवंत पट्टी. त्या पट्टीच्या जोरावर वर हिरवेगार ढग तरंगावेत तसा पाला. मेलेले आणि जिवंत एकाच झाडात इतके जवळजवळ नांदताना मी कधी पाहिले नव्हते.

घरी आले ती हा ध्यास घेऊनच. एका नर्सरीतून तीनएक वर्षांचे जुनिपर आणले. मोबाइलवर चार चित्रफिती पाहिल्या आणि श्रावणातल्या एका रविवारी गच्चीवर मांडी ठोकून बसले. आतला सगळा पाला खरवडून काढला. फांद्या निम्म्याहून अधिक कापल्या. उरलेल्यांना तार गुंडाळली. मुळे छाटली आणि झाड उथळ कुंडीत बसवले. चार तासांत झुडपाचा वृक्ष झाला! शेजारच्या बायका पाहून गेल्या, मुलांनी फोटो काढले. मी आठ दिवस जमिनीवर नव्हते म्हणा ना.

महिनाभर झाड हिरवे होते. दुसरा महिनाही हिरवे. नवरात्रात त्याची तकाकी गेल्यासारखी वाटली. दिवाळीला राखी रंग आला आणि मग गंज चढावा तसे ते तांबूस झाले. मी रोज पाणी घालीत होते. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आवं सूनबाई, ते झाड कवाच गेलंय. तू मढ्याला पाणी घालायलीस."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जुनिपरची ही खोडच आहे. त्याचा पाला कोरडा व चिवट, म्हणून मुळे मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवे दिसते. आपण समजतो, झाडाने आपले काम मान्य केले. ते बिचारे केव्हाच निघून गेलेले असते.

चूक कोठे झाली हे समजण्यास मला वर्ष लागले. भगिनींनो, आपले हात वडाचे, मेंदीचे, जास्वंदीचे आहेत. मेंदी जमिनीबरोबर छाटली तरी पावसाळ्यात तरारून येते. वडाची फांदी पार बोडकी केली तरी नुसत्या लाकडातून कोंब फुटतात. जास्वंद तर कापल्यावाचून धड फुलत नाही. कापले की फुटते, असे आपण लहानपणापासून पाहत आलो. जुनिपर ह्या नियमात बसत नाही. ज्या फांदीवर एकही हिरवा शेंडा उरला नाही ती फांदी पुन्हा फुटत नाही, ती मरते. त्याची ताकद पाल्यात साठलेली असते. पाला काढला की मुळांना पोसणारे कोणी राहात नाही. आणि त्याच दिवशी मुळेही छाटली, तर दोन्हीकडून उपासमार. मी नेमके तेच केले होते.

आणखी एक गोष्ट. जुनिपरमध्ये एकेका मुळापासून एकेका फांदीपर्यंत पाण्याचा जणू ठरलेला पाट असतो. मोठी फांदी तोडली तर तिच्या खालची खोडावरची पट्टीही कधी कधी वाळते. जपानी लोकांनी ह्या दोषाचेच सौंदर्य केले. वाळलेल्या फांदीला ते 'जिन' म्हणतात, खोडावरच्या वाळलेल्या पट्टीला 'शारी'. शिंपाकू नावाचे त्यांचे जुनिपर मूळ डोंगरकड्यांवरचे. वारा, बर्फ, दगड ह्यांनी झोडपून त्याचे लाकूड तसे पांढरे होई. कुंडीत तोच देखावा पक्कडीने साल सोलून करतात आणि लाकूड टिकावे म्हणून त्यावर चुना-गंधकाचे द्रावण लावतात. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. ज्यांना हौस असेल त्यांनी गच्चीवर करावे, स्वयंपाकघराजवळ नको. नवशिक्यांनी तर ह्या फंदात दोन-तीन वर्षे पडूच नये, असे माझे मत आहे.

आता छाटणीचे सांगते. प्रथम झाड फिरवून फिरवून पाहावे. वरची माती थोडी बाजूला सारून बुंध्यापाशी मुळे कोठे पसरली आहेत ते बघावे, खोडाचे वळण कोणीकडून चांगले दिसते ते ठरवावे. तीच झाडाची दर्शनी बाजू. हे पाहण्यात एक दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. मग आतला वाळलेला, पिवळा पाला चिमटीने वेचून काढावा. फांदीच्या पोटाखाली लोंबणारी व बेचक्यात उगवलेली बारीक फूट कापावी, म्हणजे आत ऊन व वारा जातो. त्यानंतरच एखाददुसरी नको असलेली फांदी. सगळे मिळून एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक हिरवे काढू नये. फांदी आखूड करावयाची असेल तर तिच्याच आतल्या बाजूच्या हिरव्या उपफांदीपर्यंत मागे यावे, म्हणजे शेंडा बदलतो पण हिरवे तुटत नाही. कात्री पाल्यावरून आडवी फिरवू नये. मेंदीचे कुंपण कापतो तसे कापले की प्रत्येक तुटलेले टोक तपकिरी होते. कोवळ्या काडीच्या लाकडी देठाशी कापावे. नखाने सगळे शेंडे खुडण्याची पूर्वी पद्धत होती. तिनेही झाड अशक्त होते.

फार कापलेले जुनिपर रागावल्यासारखे करते. त्याचा मोठेपणीचा पाला मऊ, खवल्याखवल्यांचा असतो. तो जाऊन लहानपणीचा काटेरी, सुईसारखा पाला येऊ लागतो. तसे दिसले की समजावे, आपला हात सैल सुटला. मग वर्षभर कात्री कपाटात ठेवावी.

तारेसाठी ॲल्युमिनियमची मऊ तार बरी. फांदीच्या जाडीच्या साधारण एकतृतीयांश जाडीची घ्यावी, तिरकी गुंडाळावी, फार घट्ट नको, फार सैलही नको. एकाच तारेची दोन टोके शेजारच्या दोन फांद्यांवर नेली की ती सरकत नाही. वाकवताना दोन्ही अंगठे फांदीच्या आतल्या बाजूस टेकवून हळूहळू वाकवावे; कुरकुर ऐकू आली की थांबावे. जुनिपर लवचीक असल्यामुळे नवे वळण धरावयास त्याला वेळ लागतो, पुष्कळदा वर्षही. म्हणून दर पंधरा दिवसांनी पाहात राहावे. तार सालीत रुतू लागली की पक्कडीने जागोजाग तोडून काढावी, उलटी उलगडू नये. उलगडताना माझी एक चांगली फांदी मोडली आहे.

ह्या तारेवरूनच आमच्या घरी वाद झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "कशाला त्या लेकराला बांधून ठिवायलीस? वाढू दे की त्याला." भगिनींनो, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या बाईचे सातव्या वर्षी शाळेत जाणे बंद झाले, बाराव्या वर्षी लग्न झाले, तिने हे म्हणावे ह्याला अर्थ आहे. मला रात्री बराच वेळ झोप आली नाही. मुलीला आखडून ठेवणारे लोकही "तिच्या भल्यासाठीच" असेच म्हणत होते ना?

मी त्यांना जे उत्तर दिले ते सांगते, पटते का बघा. बोन्साय उपाशी ठेवून लहान करतात ही समजूत चुकीची आहे. उपाशी झाड छाटणी सोसत नाही, तार सोसत नाही. त्याला वेळच्या वेळी खत, पाणी, ऊन, दर दोन-तीन वर्षांनी नवी माती लागते. नीट सांभाळले तर ते मातीतल्या भावंडाइतके, कधी अधिकही जगते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ सालापासून ते कुंडीत वाढत आहे. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच शहरात, यामाकी नावाच्या कुटुंबाच्या अंगणात होते, आणि वाचले. १९७६ साली त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले, तेही हिरोशिमाचा उच्चार न करता. ती हकीकत २००१ मध्ये त्या घरचे नातू झाड पाहावयास गेले तेव्हा तिकडे कळली. इतक्या पिढ्यांनी पाणी घातले तेव्हा ते झाड आज आहे.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मंग तार लवकर काढत जा." हे मात्र मी मानले. तार रुतून व्रण पडलेले झाड मी पुष्कळ ठिकाणी पाहते. तेथे मला त्यांचाच पक्ष खरा वाटतो.

आपल्या हवेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पुण्यामुंबईची पुस्तके येथे जशीच्या तशी चालत नाहीत. आपली काळी माती हळदीला, कापसाला सोने आहे. कुंडीत मात्र ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुनिपरची मुळे तिच्यात गुदमरतात. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, धुतलेली जाड वाळू आणि थोडे पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण मी वापरते. वरून ओतलेले पाणी खालच्या भोकांतून लगेच निघाले पाहिजे. मुळांचे काम मी संक्रांतीच्या आत उरकते, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी झाड सावरते. आणि ज्या हिवाळ्यात फांद्यांचे मोठे काम केले त्या हिवाळ्यात मुळांना हात लावीत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा सकाळचे ऊन देऊन दुपारी हिरव्या जाळीखाली ठेवावे. शहाबादी फरशीवर कुंडी टेकवू नये, फरशी तापून मुळे भाजतात. लाकडी पाटावर ठेवावी.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाला धुरकट दिसतो एवढेच. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर ठिपके चालू लागले तर कोळी आहे. पाल्याला खालून-वरून पाण्याचा जोराचा फवारा दर दोन-तीन दिवसांनी मारीत राहिले तर पुष्कळसा जातो.

आणि कृपा करून हे झाड टी.व्ही.वर, शोकेसवर ठेवू नका. घरात जुनिपर जगत नाही. बाजारात वरून खडे चिकटवलेल्या कुंडीत तयार बोन्साय मिळतात. त्या खड्यांमुळे पाणी आत जात नाही. तशी भेट कोणी दिली तर प्रथम खडे उचकटून काढा.

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी प्रथम वडाचे किंवा उंबराचे रोप घ्यावे, असे मी म्हणेन. आपल्या भिंतींच्या फटीत ती फुकट उगवतात, आणि चुका पोटात घालतात. दोन वर्षे त्यांच्यावर हात बसला की मग जुनिपर.

आता हे झाड. गेल्या हिवाळ्यात ह्याच्या मुळांचे काम झाले आहे, म्हणून आज कात्री लावण्यास हरकत नाही. ही डावीकडची खालची फांदी आखूड करावयाची, ही मागची थोडी विरळ करावयाची, आणि शेंड्याजवळची ही जुळी फूट एक ठेवून एक काढावयाची. उजवीकडची जाड फांदी मला आवडत नाही, पण तिला पुढच्या वर्धापनदिनापर्यंत हात लावणार नाही. ज्यांना जवळून पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. चष्मा असेल तर सोबत आणा. कापलेल्या काड्या मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीन. ज्यांना हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्या, खालचा पाला काढून ओल्या वाळूत, सावलीत खोचाव्या. मुळे धरावयास काही महिने लागतील. तोपर्यंत उपटून पाहू नका.